अभंगाचा छंद बोटांवर मोजा
अभंगाच्या अर्थाकडे धावण्याआधी अक्षरं मोजा. लघु-गुरूची भानगड इथे नाही आणि जोडाक्षरही एकच धरायचं. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ घ्या: ६, ६, ६, ४. हा मोठा अभंग. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, ‘विटेवरी-कटावरी’. चौथा चरण आखूड, यमकाविना. मोठ्याने म्हटलंत तर आवाज तिथे टेकतो (माझी सगळ्यात आवडती जागा). लहान अभंगात ८-८ अक्षरांचे दोनच चरण. गाथेत ‘ध्रु.’ (ध्रुपद, म्हणजे पालुपद) छापलेली ओळ गाताना पुन्हा पुन्हा येते. दरवेळी आधीच्या कडव्यामुळे तिचा अर्थ किती सरकतो, ते समासात टिपा. एखादं अक्षर जास्त भरलं तर घाबरू नका, गाताना ते सामावतं.