टॉवरचं डिझेल, वीज आणि कार्बनचा हिशेब: या चुका टाळा

मार्च संपला की टेलिकॉम कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी टीमची धावपळ सुरू होते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, बंधनकारक केला आहे. त्यात ऊर्जा आणि उत्सर्जनाचे आकडे द्यावेच लागतात. सगळ्या सर्कलकडून, म्हणजे टेलिकॉमच्या विभागांकडून, शीट येतात, बेरीज होते, गुणाकार होतो आणि टनांचा आकडा निघतो. गुणाकार सहसा बरोबरच असतो. घोळ असतो तो टॉवरच्या साइटवरून आलेल्या पहिल्या आकड्यात. म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

भरलेलं डिझेल हेच जळलेलं डिझेल समजणं

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे पक्कं आहे. पण लिटर किती, हे बहुतेक ठिकाणी फिलरच्या, म्हणजे डिझेल भरणाऱ्याच्या, पावतीवरून ठरतं. पावती सांगते ती टाकीत किती ओतलं ते, आणि तेही खरोखर ओतलं असेल तर. डिझेलची चोरी या धंद्यात नवी नाही, आणि चोरीला गेलेलं डिझेल टॉवरवर जळत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक भरलेलं, वजा शेवटचा साठा, हे झालं वापरलेलं डिझेल. ते डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, अवर मीटरशी (तो किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरशी) जुळवा. समजा, एका साइटवर १५ केव्हीएचा डीजी आहे, भार ४ किलोवॅटच्या आसपास आहे आणि महिन्यात तो ६० तास चालला. एवढ्या भाराला तासाला साधारण २ लिटर लागतात, म्हणजे १२० लिटर. शीटमध्ये २०० लिटर असतील, तर ८० लिटरचा, म्हणजे २१४ किलो कार्बन डायऑक्साइडचा खुलासा कुणीतरी द्यायला हवा. डीजीची दुरुस्ती रखडलेली असेल, अवर मीटर बंद पडलेला असेल, किंवा डिझेल दुसरीकडे गेलं असेल. कारण काहीही निघो, फोन सर्कलच्या ऊर्जा प्रमुखालाच लावा. शीटमध्ये परस्पर १२० लिहून मोकळं होऊ नका.

याच्या उलट चूकही होते. एखाद्या महिन्याचा आकडा फार मोठा दिसला म्हणून तो ‘चुकीची नोंद’ म्हणून काढून टाकला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी टॉवर चालतो तो डिझेलवरच. तो उसळलेला आकडा खरा असतो आणि अहवालात राहिलाच पाहिजे. आकडा काढण्याआधी त्या तालुक्यात वीज केव्हा गेली, केव्हा आली, एवढं तरी बघा.

रुपयांवरून लिटर काढणं ही आणखी एक पळवाट. काही टॉवर करारांत ऑपरेटर, म्हणजे मोबाइल सेवा देणारी कंपनी, टॉवर कंपनीला दरमहा ठरलेली ऊर्जा रक्कम देतो. त्या रकमेचा आणि त्या महिन्यातल्या प्रत्यक्ष वापराचा मेळ असेलच असं नाही. शिवाय डिझेलचा भाव राज्यागणिक वेगळा. वर्षभरासाठी एकच भाव धरून भागाकार केला तर हाती आलेलं उत्तर आकड्यासारखं दिसतं, इतकंच.

तीच वीज दोनदा मोजणं

ही चूक हुशार माणसांकडूनही होते. आरएमएस, म्हणजे साइटवरची दूरनिरीक्षण यंत्रणा, डीसी भाराचे युनिट देते. ते ग्रिडच्या गुणकाने (युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, त्या आकड्याने) गुणले आणि वर डिझेलचं उत्सर्जन मिळवलं, की डीजीने तयार केलेली वीज दोनदा मोजली गेली. डीसी भाराला ग्रिड, डीजी, सोलर आणि बॅटरी अशी सगळीकडची वीज मिळते. स्कोप २ साठी, म्हणजे विकत घेतलेल्या विजेच्या उत्सर्जनासाठी, फक्त ईबी मीटरचे, म्हणजे वीज कंपनीच्या मीटरचे, युनिट घ्या. डीजीच्या विजेचा हिशेब डिझेलमध्येच स्कोप १ ला, म्हणजे स्वतःच्या थेट उत्सर्जनात, होतो.

नुसता डीसी भार घेतला तर दुसऱ्या बाजूने कमीही पडतं, कारण रेक्टिफायरमधली (ग्रिडच्या विजेची डीसी करणाऱ्या यंत्रातली) घट आणि शेल्टरचा, म्हणजे साइटवरच्या यंत्रांच्या खोलीचा, एअर कंडिशनर त्यात येत नाहीत. आरएमएसचा आकडा पडताळणीसाठी उत्तम आहे. हिशेबाचा पाया मात्र मीटरच असावा.

बिल वरवर वाचणं

वीजबिल हाताशी असलं तरी तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, सरासरी बिल. मीटर बंद किंवा जागा कुलूपबंद असेल तर महावितरण सरासरी युनिट लावतं आणि पुढे दुरुस्ती करतं. ती दुरुस्ती पुढच्या आर्थिक वर्षात पडली, तर दोन्ही वर्षं चुकतात. दुसरं, गुणक. मोठ्या जोडणीवर सीटी मीटर असतो आणि वाचनातल्या फरकाला मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणावं लागतं. मीटरचा फोटो बघून युनिट भरणारा हे हमखास विसरतो.

तिसरं, केव्हीएएच, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर-तास. त्याला पॉवर फॅक्टरने गुणलं की खरे युनिट मिळतात. महाराष्ट्रात उच्चदाब जोडण्यांना २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. स्विचिंग सेंटर आणि डेटा सेंटर याच वर्गात येतात. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर १००० केव्हीएएच म्हणजे ९५० युनिट. बिलातला ठळक आकडा उचलून ऊर्जा म्हणून लिहिला, तर सगळ्यात मोठ्या जोडण्यांवरच चूक होते. बिलाच्या आतल्या पानावर केडब्ल्यूएचचं, म्हणजे युनिटचं, वाचन वेगळं छापलेलं असतं, ते घ्या.

बीआरएसआरमध्ये ऊर्जा ज्यूलमध्ये मांडायची असते, हेही ध्यानात ठेवा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.

ग्रिडचा जुना गुणक

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा कार्बन गुणक प्रसिद्ध करतं. अलीकडच्या आवृत्त्यांत तो युनिटमागे सुमारे ०.७२ किलो आहे. ०.८२ हा जुना आकडा अजून कित्येक टेम्प्लेटमध्ये ठाण मांडून बसलाय. काही ठिकाणी तर दक्षिणेच्या राज्यांसाठी वेगळा गुणकही सापडतो. रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीवरून ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि भारताचं ग्रिड एक झालं. आता गुणकही देशभर एकच. वाहिन्यांमधली गळती या गुणकात धरलेली नसते, ती स्कोप ३ मध्ये, म्हणजे इतरांकडे होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात, जाते.

टॉवर कुणाचा, हिशेब कुणाचा?

एका टॉवरवर तीन ऑपरेटर, जागा टॉवर कंपनीची, डिझेल भरणारा तिसराच कंत्राटदार. मग ते लिटर कुणाच्या खात्यात? साइट प्रत्यक्ष चालवण्याचा अधिकार टॉवर कंपनीकडे असेल तर डिझेल आणि वीज तिच्या स्कोप १ आणि २ मध्ये, आणि ऑपरेटरचा वाटा ऑपरेटरच्या स्कोप ३ मध्ये. दोघांनी वेगवेगळे निकष लावले की काही साइट दोघांच्याही स्कोप १ मध्ये दिसतात आणि काही कुणाच्याच अहवालात दिसत नाहीत. साइट आयडीनिहाय यादी समोर ठेवून दोन्ही बाजूंनी वर्षातून एकदा बसायलाच हवं.

यातला एक प्रकार मला फार खटकतो. ऑपरेटर आपले टॉवर विकतो, त्याचा स्कोप १ एका वर्षात खाली येतो आणि अहवालात ते ‘घट’ म्हणून छापलं जातं. डिझेल तेवढंच जळत असतं. मालकी बदलली तर पायाभूत वर्षाचा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या वर्षाचा, आकडाही त्याच प्रमाणात बदलून मांडायचा असतो. विलीनीकरणातही तेच. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या, २०२० मध्ये भारती इन्फ्राटेल आणि इंडस टॉवर्स. अशा बदलानंतर जुन्या एकट्या कंपनीच्या आकड्याशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

एसीचा गॅस

शेल्टर आणि डेटा सेंटरच्या एसीत गॅस भरला, म्हणजे तेवढा आधी हवेत गेला. आर-४१०ए चा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने जवळपास २ टन. देखभालीच्या कंत्राटदाराच्या बिलात ‘गॅस चार्जिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. किती किलो आणि कोणता गॅस, हे बिलावर लिहिण्याची अट करारातच घाला. जुन्या एसीतला आर-२२ स्कोप १ मध्ये मिळवत नाहीत, तो वेगळा दाखवतात.

प्रति जीबी आकड्याच्या आड लपणं

डेटा इतक्या वेगाने वाढतोय की प्रति जीबी ऊर्जा दरवर्षी आपोआप कमी दिसते. बेस स्टेशनला रात्री कुणी वापरत नसतानाही बरीच वीज लागते, त्यामुळे डेटाची वाहतूक वाढली की भागाकाराचं उत्तर घसरतंच. प्रति जीबी आकडा जरूर द्या, पण शेजारी एकूण युनिट, एकूण लिटर आणि साइटची संख्याही द्या. ज्या साइटचे आकडे आलेच नाहीत, तिथे शून्य भरू नका. त्याच प्रकारच्या, तेवढ्याच भाराच्या आणि त्याच जिल्ह्यातल्या साइटवरून अंदाज बांधा आणि एकूण आकड्यात असा अंदाज किती टक्के आहे ते अहवालात छापा.