मेडिकलवर जाताना गोळीचं नाव नको, त्रास सांगा

खान्देशात सर्दी-खोकला, अंगदुखी, जुलाब झाले की पाय आधी मेडिकलकडे वळतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून खाली यायचं तर दिवस मोडतो आणि मजुरी बुडते, म्हणून आठवडे बाजारातच भाजीपाल्याबरोबर औषधही घेतलं जातं. यात काही गैर नाही. किरकोळ दुखण्यासाठी फार्मासिस्ट हा सगळ्यात जवळचा शिकलेला माणूस आहे आणि तो बोलायची फी घेत नाही. पण "भाऊ, तापाच्या चार गोळ्या द्या" एवढंच म्हटलं तर गोळ्या मिळतील, त्याचं ज्ञान मिळणार नाही. ते कसं मिळवायचं, ते पाहू.

निघण्याआधी

घरात कुणाला बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, किडनीचा त्रास असेल तर चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये फोटो काढा. "ती पांढरी छोटी गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही. लेकराचं औषध असेल तर वय आणि वजन दोन्ही माहीत हवं, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. अंगणवाडीत नुकतंच वजन झालं असेल तर तो आकडा चालेल.

काउंटरवर कोण आहे ते पाहा

दुकानात दोन-तीन मुलं हाताखाली असतात. ती चटपटीत असतात, पण फार्मासिस्ट नसतात. फार्मासिस्ट म्हणजे डी. फार्म. किंवा बी. फार्म. शिकलेला आणि फार्मसी कौन्सिलकडे नोंद असलेला माणूस. परवाना आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असतं. "फार्मासिस्टदादा आहेत का, थोडं विचारायचं होतं," असं सरळ म्हणा. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत नीट बोलणं होत नाही, तेव्हा जमलं तर सकाळी लवकर जा. बायकांनी अंगावरून जाणं, लघवीची जळजळ असं काही चारचौघांत सांगावं लागतं म्हणून गप्प बसू नये. बाजूला येऊन बोलायला सांगावं. चांगला दुकानदार लगेच येतो.

त्रास पूर्ण सांगा

कुणाला होतंय, वय काय, कधीपासून, आधी काय घेतलं, कशाची ॲलर्जी आहे का. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर ते न विचारता सांगा. अहिराणीत "पोट दुखस, भाऊ" एवढ्यावर थांबू नका. कुठे दुखतं, उलटी आहे का, जुलाबात रक्त आहे का, हेही येऊ द्या. बीपीच्या माणसाला बंद नाकाची गोळी जपून द्यावी लागते, कारण तिच्यातल्या काही औषधांनी बीपी वाढतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून रात्री ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवायची असेल तर तेही सांगा. फार्मासिस्टने चार उलटे प्रश्न विचारले तर वैतागू नका. प्रश्न विचारणारं दुकान धरून ठेवा.

आपल्याकडची नेहमीची दुखणी

ताप आणि अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल मागा. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. सर्दीच्या गोळीतही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर नकळत डोस दुप्पट होतो. दारू पिणाऱ्याने किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पावसाळ्यानंतरच्या तापात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन असलेली "जोरदार" गोळी मागू नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध देण्यावर २०११ पासून बंदी आहे.

जुलाबाला गोळीआधी ओआरएस. एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला. ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि लहान लेकराला ते घातक ठरतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघा. गोड फळांचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस द्यावं लागतं, जुलाब थांबले तरी.

सगळ्यात जास्त नुकसान मला गजकर्णाच्या ट्यूबने होताना दिसतं. उन्हाळ्याचा घाम, केळीच्या बागेतली ओल, घट्ट कपडे, यामुळे जांघेत आणि कमरेला नायटा येतो. शेजाऱ्याने नाव सांगितलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, कारण तिच्यात स्टेरॉइड असतं. बुरशी मात्र आत वाढत राहते, नायटा अंगभर पसरतो आणि कातडी पातळ होते. म्हणून स्टेरॉइड नसलेलं नुसतं बुरशीचं मलम मागा, डागाच्या कडेबाहेरही लावा आणि डाग गेल्यावरही फार्मासिस्ट सांगेल तेवढे दिवस चालू ठेवा. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करा, कपडे-टॉवेल वेगळे ठेवा.

शेवभाजी-भरतानंतरच्या जळजळीला ॲन्टासिड पुरतं. पण छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ती ॲसिडिटी समजू नका.

"नाही" म्हटलं तर ऐका

पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. ॲन्टिबायोटिक त्यातच येतात. शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतल्या औषधांची तर वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. सर्दी विषाणूची असते, तिला ॲन्टिबायोटिक लागू पडत नाही. "बाजूचा देतो" म्हणून दुकान बदलू नका.

काही वेळा मेडिकलमध्ये थांबूच नका, १०८ लावा किंवा थेट दवाखाना गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप, धाप, झटका, बेशुद्धी, रक्ताची उलटी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्याचा कुठलाही ताप (नंदुरबारच्या आदिवासी भागात हे विसरता कामा नये). साप-विंचू चावणं. कपाशीवर फवारणी करताना मळमळ, लाळ, अंधूक दिसणं सुरू झालं तर फवारणीच्या औषधाची बाटलीही सोबत न्या. एप्रिल-मेच्या उन्हात अंग तापून माणूस बरळू लागला तर त्याला सावलीत आणा, ओल्या फडक्याने पुसा आणि गाडी बोलवा. उष्माघातात पॅरासिटामॉल काम करत नाही.

निघताना

किती घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे पाकिटावरच लिहून घ्या. कापून दिलेल्या पट्टीवर मुदत दिसत नसेल तर उरलेली पट्टी दाखवायला सांगा. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. पैशाची ओढ असेल तर त्याच घटकाचं जेनेरिक किंवा जनऔषधी केंद्रात मिळतं का ते विचारा. औषध गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. आणि दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर तेच पाकीट आणि बिल घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे काय घेऊन झालं ते त्यांना पहिल्याच मिनिटाला कळेल.