अभ्यासाची आपली पद्धत आठव्या दिवशी कळते

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पहिलं वर्ष मी तीन रंगांच्या हायलायटरवर काढलं. पुस्तकाचं एक पान कोरं राहिलं नाही आणि स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेत कटऑफच्या खाली राहिले. तेव्हापासून कुठली पद्धत आवडते हे मी बघत नाही, कुठलीने लक्षात राहतं ते मोजते.

मोजायचं असं. सारख्या तोलाचे दोन घटक घ्या. मी गोदावरी आणि कृष्णा घेतल्या. प्रवरा, दारणा, सिंदफणा, मांजरा, पूर्णा, प्राणहिता या गोदावरीच्या उपनद्या पुन्हा पुन्हा वाचल्या. कृष्णेचा नकाशा मात्र एकदाच पाहिला, पुस्तक मिटलं आणि पाठकोऱ्या कागदावर कोयना, वारणा, पंचगंगा, येरळा, भीमा आठवून काढल्या. चुकलं ते लाल पेनाने सुधारलं, परत काढलं. दोन्हींना घड्याळ लावून चाळीस मिनिटं. मग सात दिवस दोन्हींकडे बघायचं नाही. आठव्या दिवशी कोरा कागद घ्यायचा.

गोदावरीच्या तीनच आठवल्या, त्यातली मांजरा मी डाव्या तीरावर टाकली होती. कृष्णा जवळजवळ पूर्ण उतरली.

हे सात दिवस गाळू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असं आपण धरून चालतो.

पुढच्या आठवड्यात अदलाबदल करा, म्हणजे एखादी नदीच सोपी होती का तेही कळेल. आणि प्रत्येक विषयासाठी वेगळं मोजा. मूलभूत कर्तव्यांना चित्र काढून काही उपयोग झाला नाही. ती मी आईला फोनवर सांगितली. ती मेथी निवडत स्पीकरवर ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अगं, दहा म्हणालीस ना? मग हे अकरावं कुठून आलं?" मूळची दहा १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीतली, अकरावं २००२ च्या ८६व्या दुरुस्तीतलं. तिला समजावताना ते कायमचं बसलं. गणिताला मात्र गणितं सोडवण्यावाचून दुसरं काही चाललं नाही.

'मी व्हिज्युअल आहे, म्हणजे मला बघूनच कळतं, ऐकून कळत नाही' असा शिकण्याच्या शैलीचा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं. अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. माझ्या अनुभवात पद्धत विषयानुसार बदलते, माणूस तोच असला तरी.

वहीत तीन रकाने पुरतात: विषय, पद्धत, आठव्या दिवशी किती आठवलं. माझ्या वहीत इतिहासाची ओळ अजून अडलेली आहे. सनावळ्या मोठ्याने म्हणून झाल्या, चिठ्ठ्या करून झाल्या, आकडा दोन्हींचा सारखाच. या रविवारपासून त्यासुद्धा आईला सांगणार आहे.