मराठी विकिपीडियावर अशनीचं पान कसं सुधारावं

सोलापूरच्या रानात काळ्या दगडांना तोटा नाही. त्यामुळे आमच्या आकाशवेड्या कट्ट्यावर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी जडसा धोंडा घेऊन येतो, त्याला लोहचुंबक लावतो आणि विचारतो, "चिकटलं बघा, म्हणजे आकाशातून पडलेला अशनीच! टाकू का विकिपीडियावर?" नका टाकू. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक थोडाफार ओढतोच. शिवाय विकिपीडियावर स्वतःचा शोध चालत नाही, आधी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलंच चालतं. खरंच शंका असेल तर धोंडा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला दाखवा, आणि तुम्ही विकिपीडियावर आधीपासून असलेल्या अशनींच्या पानांकडे वळा.

आधी शब्द नीट करा. आकाशात चमकते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. बातम्यांत सर्रास घोळ असतो, तो पानात येऊ देऊ नका.

मग खातं उघडा आणि 'धूळपाटी'वर सराव करा. एकच अशनी निवडा. समजा काटोल घेतला. मीटिऑरिटिकल बुलेटिन म्हणजे जगभरच्या अशनींची अधिकृत यादी; तिच्या ऑनलाइन नोंदीत नाव, पडला की नुसता सापडला, वर्ष, वर्ग आणि वजन मिळतं. अशनीला नाव जवळच्या ठिकाणावरून मिळतं, ते आपल्या मनाने बदलायचं नाही.

आता पहिलं वाक्य. "काटोल हा एक अतिशय प्रसिद्ध अशनी आहे" यात काहीच सांगितलेलं नाही. त्याऐवजी: "काटोल हा २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात पडलेला एल६ वर्गाचा दगडी अशनी आहे." लगेच संदर्भ. मग एल६ उलगडा: एल म्हणजे एकूण लोह कमी, ६ म्हणजे ज्या मोठ्या पिंडातून तो तुटला त्या मूळ पिंडात असतानाच उष्णतेने बराच बदललेला. वाचक इथेच अडकतो, म्हणून या दोन ओळींवर वेळ घालवा. इंग्रजी पान यंत्राने भाषांतरित करून चिकटवणं मात्र टाळा. ते नंतर दुरुस्त करणाऱ्याचे हाल होतात, अनुभवाने सांगतो.

आकड्यांत मतभेद असतील तर निवाडा करत बसू नका. लोणार विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, तर २०१०च्या आसपासच्या आर्गॉन वायूच्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दोन्ही लिहा, पद्धत सांगा, प्रत्येकाला त्याचा संदर्भ द्या.

फोटो स्वतः काढलेलाच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर, चढवा. संग्रहालयात आधी परवानगी विचारा. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवू देतात का तेही विचारा. वर्तमानपत्रातला फोटो कापून चढवलात तर तो उडणारच.

जतन करताना 'सारांश'मध्ये काय बदललंत ते लिहा. कुणी बदल उलटवला तर पुन्हा तोच टाकू नका. चर्चा पानावर जा, संदर्भाचं पान क्रमांकासह नाव द्या आणि दोन-चार दिवस थांबा.