जुन्या मोटरसायकलचा ड्रम ब्रेक कसा तपासावा: नुसत्या जाडीवर जाऊ नका

"ब्रेक लागत नाही" म्हटलं की गल्लीतल्या प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं: नट आवळ. आवळला की ब्रेक लागतो, त्यामुळे सल्ला खरा वाटतो. पण नट आवळून ब्रेक दुरुस्त होत नाही, झिजलेला शू (आतून घासून चाक थांबवणारा अर्धगोल तुकडा) ड्रमच्या (चाकाच्या मधल्या पोकळ डब्याच्या) जवळ सरकतो एवढंच. सीडी 100, आरएक्स 100, येझदी, कास्ट आयर्न बुलेट या गाड्या आता पंचवीस, तीस, काही तर चाळीस वर्षांच्या झाल्या. 1 एप्रिल 2019 पासून नव्या दुचाकींना सीबीएस (एका ब्रेकने दोन्ही चाकं धरणारी सोय) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं. आपल्याकडे आहे एक केबल, एक रॉड आणि चार शू. ते चार शू वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, हातात घेऊन बघायचे.

तुम्हाला चाक काढता येतं, पाने घरात आहेत आणि गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी आहे, असं धरून चालतो. चाक काढायची सवय नसेल तर मेस्त्रीकडे जा, पण शेजारी उभे राहा आणि पुढच्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

खोलण्याआधी

ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि ब्रेक आर्मच्या (केबल किंवा रॉड जिला ओढतो त्या पट्टीच्या) बुडाशी असलेला छोटा बाण बघा. तो ब्रेक प्लेटवरच्या (शू ज्यावर बसतात त्या झाकणावरच्या) खुणेपर्यंत पोचला असेल तर शू संपले. बाण गायब असेल तर कुणीतरी मागच्या वेळी काढून फेकला, असं समजा. जुन्या गाड्यांवर हे फार दिसतं.

दाबलेल्या अवस्थेत आर्म आणि रॉड यांच्यातला कोनही बघा. तो काटकोनाच्या आसपास असेल तर पायाचा सगळा जोर कॅमला (फिरून शू बाहेर ढकलणाऱ्या दांड्याला) मिळतो. काटकोन बराच ओलांडला असेल तर तुम्ही जोर लावताय आणि तो वाया जातोय. इथे मेस्त्री लोक एक 'जुगाड' करतात: आर्म काढून एक-दोन दाते मागे बसवतात. पेडल पुन्हा कडक, गिऱ्हाईक खूश. आत मात्र कॅम आधीच जास्त फिरलेला असतो, तो आता आणखी फिरतो, आणि एखाद्या जोरदार ब्रेकला आडवा होऊन तसाच अडकू शकतो. मग चाक जाम. कॅमच्या टोकावर आणि आर्मवर ठिपक्याच्या खुणा असतात. त्या समोरासमोर नसतील तर हा जुगाड तुमच्याही गाडीवर झालाय.

पुढची केबल लिव्हरच्या टोकाशी बघा. एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला. तेल घालून तुटलेली तार सांधत नाही.

चाक काढा, पण फुंकर मारू नका

ड्रमच्या कडेला झिजून कंगोरा आलेला असतो, त्यात शू अडकतात. आधी ॲडजस्टरचा नट पुरता सैल करा, मग प्लेट सुटेल. आतली काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही, कंप्रेसरने तर अजिबात उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ छातीत गेली की परत येत नाही. नाकातोंडाला मास्क, धुळीवर थोडं पाणी, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये हवा मारून ड्रम 'साफ' करणारा दिसला तर मी चहा प्यायला बाहेर जातो.

शू हातात घेऊन बघणं

माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून इथे वेळ घेतो.

बहुतेक पुस्तिका आणि बहुतेक मेस्त्री एकच गोष्ट सांगतात: लायनर 2 मिलिमीटरच्या खाली गेला की शू बदला. बरोबर आहे. पण हा नियम रोज धावणाऱ्या, तीन-चार वर्षांत शू झिजवणाऱ्या गाडीसाठी झाला. आठवड्यातून एकदा दूध आणायला निघणाऱ्या जुन्या गाडीचे शू झिजत नाहीत, म्हातारे होतात. लायनर शूच्या ॲल्युमिनियमवर गोंदाने चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षांचा दमटपणा, घाटातली उष्णता, पुन्हा गारवा यांनी तो गोंद मरत जातो. जाडी पुरेशी असते, पण लायनरने शूचा हात सोडलेला असतो.

वडिलांच्या सीडी 100 ला मागचे शू हवे होते. शहरातल्या एका जुन्या दुकानात शोधताना धूळ बसलेला, सीलबंद डबा सापडला. काउंटरवरच्या काकांनी तो फडक्याने पुसून माझ्यापुढे असा ठेवला, जणू पेशव्यांच्या काळातला दागिना. "असला माल आता बघायला मिळत नाही, घेऊन टाक." मी दोन जोड घेतले. बसवले, ब्रेक झकास लागला. सहा महिन्यांनी एकदा प्लेट उघडून बघितलीही: लायनर जवळजवळ नवा. मी स्वतःवर खूश होऊन पुन्हा बंद केलं.

त्याच महिन्यात पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात मागच्या चाकातून 'कट्' असा आवाज आला, पेडल एकदम दगडासारखं झालं आणि चाक जागीच थांबलं. गाडी आडवी घसरत कठड्याकडे गेली. वेग तिशीच्या आत होता आणि मागून एसटी येत नव्हती, म्हणून गुडघ्यावर निभावलं. प्लेट उघडली तर एका शूचा लायनर अख्खाच्या अख्खा सुटून, शू आणि ड्रम यांच्यामध्ये पाचरीसारखा बसलेला. सुटलेल्या जागी ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. डब्याच्या आतल्या कागदावर छापलेलं साल मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं: शू माझ्या हातात आले तेव्हाच वीस वर्षांचे होते. कंपनीला दोष देत नाही, वीस वर्षं टिकेल असं तिने कधी म्हटलंच नव्हतं. दोष माझा. सहा महिन्यांनी शू उघडला तेव्हा जाडी बघितली आणि कड बघितलीच नाही.

आता मी कसा बघतो ते सांगतो.

दोन्ही शू स्प्रिंगसकट प्लेटवरून काढा. प्लेटवर बसलेला शू तपासणं म्हणजे बुरखा न उचलता चेहरा ओळखणं. शू आडवा धरून लायनर आणि धातू जिथे भेटतात ती रेघ मोबाइलच्या उजेडात, पूर्ण लांबीभर, दोन्ही बाजूंनी बघा. रेघ काळी आणि बंद हवी. ॲल्युमिनियमच्या शूवर तिथे पांढरी बुरशीसारखी भुकटी असेल, लोखंडी शूवर तांबूस गंज डोकावत असेल, तर गंज गोंदाखाली शिरलाय. तो वरवर पुसून निघतो, आतला तसाच राहतो.

मग सेफ्टी ब्लेड किंवा फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या संचातलं) सगळ्यात पातळ पातं घ्या आणि त्या रेघेवर हलक्या हाताने टेकवत न्या. शूच्या दोन्ही टोकांना जास्त लक्ष द्या, सुटायला तिथूनच सुरुवात होते. पातं कुठेही आत शिरलं, अगदी नखभर शिरलं, तरी शू फेकायचा. इथे चर्चा नाही. "एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्याला पसरणी घाटात घेऊन जायची माझी तयारी आहे.

तिसरी परीक्षा कानाची. शू एका बोटावर लटकवा आणि लहान पान्याने धातूच्या पाठीवर ठिकठिकाणी टिचक्या मारा. आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी तो बसका, फुटक्या मडक्यासारखा आला तर तिथे संशय घ्या. हे पक्कं मोजमाप नव्हे, अनुभवाने कान तयार होतो. पण नापास करायला माझ्यासाठी एवढा संशय पुरतो. शूची जोडी काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

लायनरमध्ये आडवी चीर गेली असेल तरी तोच निकाल. रिव्हेट मारलेले जुने शू असतील तर गोंदाची काळजी नाही, पण रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाखाली खोल हवीत. डोकं घासून चकाकायला लागलं की ते ड्रमला ओरबाडतंय.

आणि तो सीलबंद जुना माल: टाकीवरचं चिन्ह घ्या, मागचा दिवा घ्या, हौसेने घ्या. ब्रेक शू घेऊ नका. नव्याने बनलेले साधे शू घ्या, नाहीतर जुन्या शूवर चांगल्या कारागिराकडून नवा लायनर चढवून घ्या. ब्रेकमध्ये 'ओरिजनल'चा सोस मला कळत नाही.

जाडी मोजायची ती आता, सगळ्यात शेवटी. दोन शूंपैकी एक जास्त झिजलेला दिसेल, घाबरू नका. ड्रम ज्याला आपल्याबरोबर ओढत नेतो तो शू जास्त काम करतो. आरशासारखा गुळगुळीत झालेला लायनर 80 नंबरच्या काचपेपरने हलका खरवडा. घासताना मास्क आणि ओलावा पुन्हा. ग्रीस किंवा तेल प्यायलेला लायनर मात्र पेट्रोलने धुऊन चालत नाही. गरम झाला की तो पोटातलं तेल पुन्हा बाहेर सोडतो. तो बदला, आणि तेल आलं कुठून ते शोधा. बहुधा बेअरिंगचं सील गेलेलं असतं, किंवा कुणीतरी कॅमला श्रीखंडासारखं ग्रीस फासलेलं असतं.

ड्रम

ड्रमच्या आत नख फिरवा. नख अडेल असे चर असतील तर लेथवर हलका कट मारून घ्या. बऱ्याच हबवर कमाल व्यास ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो. साधारणपणे तो मूळ मापापेक्षा 1 मिलिमीटर जास्त, म्हणजे 110 च्या ड्रमला 111. व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. तीन मापं वेगळी आली तर ड्रम अंडाकृती झालाय, ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडतं ते त्यामुळे. स्पोक भलतेच ताणले तरी असं होतं, म्हणून कट मारायचा तो स्पोक आवळून, चाक सरळ करून झाल्यावर.

कॅम, स्प्रिंग

कॅम बोटांनी सहज फिरायला हवा, पण बाजूला लटपटायला नको. साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच लावा. सैल पडलेल्या स्प्रिंग बदला.

परत जोडताना

तीन गोष्टी, आणि तिन्ही मी लोकांना विसरताना बघितल्या आहेत.

पुढच्या ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या नळीवरच्या ठोकळ्यात बसलीच पाहिजे. मागे प्लेटला धरून ठेवणारा रॉड असतो, त्याचा बोल्ट आणि स्प्लिट पिन. यातलं एक जरी राहिलं तर पहिल्याच ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल किंवा रॉड गुंडाळून घेते आणि चाक धरते. स्प्लिट पिन दरवेळी नवी घाला.

एक्सलचा नट पक्का आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा आणि दाबलेला असतानाच आवळा. शू ड्रममध्ये आपोआप मधोमध येतात. या एका युक्तीने अर्धे 'स्पंजी' ब्रेक सुधारतात.

शंभर सीसीच्या गाड्यांना मागच्या पेडलला 20 ते 30 मिलिमीटर आणि पुढच्या लिव्हरला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. ही सेटिंग ड्रम थंड असतानाच करायची. घाट उतरून आल्यावर ड्रम तापून फुगलेला असतो, तेव्हा नट आवळला तर थंड झाल्यावर शू घासत राहतात.

दोन कॅमवाला पुढचा ब्रेक असलेल्या बुलेटवाल्यांनी दोन्ही आर्म जोडणाऱ्या रॉडची लांबी अशी ठेवावी की दोन्ही शू एकाच वेळी ड्रमला टेकतील. चढावर गाडी मागे सरकताना हा ब्रेक कमजोर वाटतो. तो बिघाड नाही, त्याची घडणच तशी. तिथे मागचा दाबा.

मग मोकळ्या मैदानात वीसच्या वेगाने दहा-बारा वेळा हलका ब्रेक लावून शू बसू द्या. चाक हाताला चटका देईल इतकं तापलं तर शू घासतोय, नट थोडा सैल करा. पन्नासेक किलोमीटरनंतर चाल पुन्हा मोजा.

आणि शू बसवण्याआधी त्याच्या पाठीवर खिळ्याने महिना आणि साल कोरून ठेवा. माझ्या सध्याच्या शूवर 10/22 लिहिलंय. अजून 3 मिलिमीटर लायनर शिल्लक आहे, तरी पुढच्या दिवाळीला ते निघणार आहेत.