गावाकडचे बंद धाब्याचे घर पावसाळ्यासाठी कसे तयार करावे
नोकरीनिमित्त पुण्याला किंवा सुरतेला राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांनी गावाकडचे धाब्याचे (लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले) घर मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, एकदा उघडलेच पाहिजे. धाब्यावरचे गवत आणि पिंपळाची रोपे मुळासकट उपटावीत, उन्हाने पडलेल्या भेगा बुजवाव्यात आणि वर खारी माती अशा उताराने पसरून चोपावी की पाणी कोठेही न साचता थेट पन्हळीतून बाहेर पडेल. कारण मुरलेले पाणी खालच्या लाकडी तुळयाच कुजवते. पन्हळ मोकळी असल्याची खात्री घागरभर पाणी ओतूनच करावी. वाळवी दिसल्यास नुसते खरडून भागत नाही, औषध मारावे. घरपट्टी भरावी, मुख्य वीजपुरवठा बंद करावा. किल्ली मात्र शेजारच्या काकूंकडे अवश्य ठेवावी, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणीतरी घर आतून पाहील.