रुई कोणती, मंदार कोणता?

शनिवारी मारुतीला हार घालतो ती रुई आणि गणपतीला वाहतो तो पांढरा मंदार, ही खरं तर एकाच जातीची झाडं. फरक फक्त फुलाच्या रंगाचा. घोळ होतो तो तिसरीमुळे. मराठवाड्या-विदर्भाच्या कोरड्या माळावर रुईची दुसरी जात दिसते. तिचं फूल लांबून पांढरंच वाटतं आणि लोक तिलाच मंदार समजून पानं तोडून नेतात.

पानांवरून ओळखायला जाऊ नका. दोन्हींची जाड, पांढुरक्या लवेची आणि समोरासमोर असतात. उमललेलं फूल हातात घ्या. मंदाराच्या पाकळ्या पूर्ण पसरलेल्या, कधी मागे वळलेल्या आणि टोकापर्यंत एकाच रंगाच्या असतात. माळावरच्या रुईचं फूल लहान, पाकळ्या वाटीसारख्या उभ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला ठळक जांभळा डाग. कळीही बघा: हिची गोल गरगरीत, मंदाराची लांबट आणि टोकाकडे निमुळती. वासाचं म्हणाल तर हिच्या फुलाला सुगंध असतो.

सांधेदुखीवर तेल लावून गरम केलेलं पान बांधायची घरगुती पद्धत आहे. जात कोणतीही असो, चीक विषारीच, त्यामुळे पोटात काहीही घेऊ नका. पान तोडलेला हात डोळ्याला लावू नका. चीक डोळ्यात गेला तर पुष्कळदा दुखत नाही, नुसतं धूसर दिसतं, म्हणून लोक थांबतात. थांबू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.